काळा पडदा आणि आजोबांची चार पाने

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा शाळेचा निरोप आला तेव्हा आम्ही नऊ जणांनी ठरवले की, लिहायचे तर एकत्रच लिहायचे. जे सांगायचे आहे त्यातील दोष एकट्याचा नव्हता आणि त्यातून जे हाती लागले तेही एकट्याचे नाही. गुरुजनांचे ऋण, पहाटेची बुद्धवंदना, भोजनगृहातील पंगती यांविषयी या अंकात इतर माजी विद्यार्थी आमच्यापेक्षा चांगले लिहितील. आम्ही लिहिणार आहोत ते संगणक कक्षातील एका काळ्या पडलेल्या पडद्याविषयी, आणि त्या पडद्यामागे आम्ही लपवलेल्या एका खोट्या बोलण्याविषयी.

२०१० साली आम्ही नववीत होतो. संगणक कक्ष म्हणजे ग्रंथालयामागची एक लांबट खोली. तिच्यात तीन संगणक होते आणि तिन्ही कुणी तरी वापरून झाल्यावर शाळेला दान दिलेले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये उबुंटू या लिनक्सची १०.०४ ही आवृत्ती निघाली होती. तेव्हा तिची सीडी मागेल त्याला टपालाने विनामूल्य मिळत असे. आमच्याच शाळेतून शिकून नागपुरात अभियांत्रिकीचे शिक्षण घेणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने ती मागवून घेतली आणि एका रविवारी येऊन तिन्ही संगणकांवर बसवून दिली. आम्ही त्यांना दादा म्हणत असू; येथेही तेच म्हणतो. लिनक्स विकत घ्यावे लागत नाही आणि आत काय चालले आहे ते कुणालाही उघडून पाहता येते, एवढे त्यांनी त्या दिवशी समजावले. वंदनेत आपण धम्माला ‘एहिपस्सिको’, म्हणजे ‘या आणि पाहा’ असे म्हणण्याजोगा म्हणतो. हेही तसलेच आहे, असे दादा हसत म्हणाले. आम्हाला त्यातले फारसे कळले नाही. सीडी फुकट आली, याचेच अप्रूप अधिक होते.

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीचा अभ्यास म्हणून मराठीच्या बाईंनी वेगळेच काम दिले. प्रत्येकाने घरी जाऊन आजी, आजोबा किंवा शेजारचे कुणी वडीलधारे यांना १४ ऑक्टोबर १९५६ या दिवसाविषयी विचारायचे आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणायचे. त्या विजयादशमीला बाबासाहेबांनी नागपुरात पूज्य भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून धम्मदीक्षा घेतली आणि नंतर समोरच्या लाखोंच्या समुदायाला स्वतः बावीस प्रतिज्ञा दिल्या, हे आम्हाला पाठ होते. परंतु त्या समुदायात आमच्या घरचे कोण होते, काय खाऊन आले होते, कुठे झोपले होते, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. सुटीनंतर एकूण ४१ आठवणी गोळा झाल्या. ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनी त्या छापून शाळेच्या भिंतीवर लावायच्या असे ठरले आणि टंकलेखनाचे काम आम्हा नऊ जणांकडे आले. इनस्क्रिप्ट कळफलकावर एकेक अक्षर शोधत आम्ही रोज संध्याकाळी दीड तास बसत असू. जुन्या यंत्रावर मोठा लेखनप्रणालीचा कार्यक्रम उघडायला फार वेळ लागे, म्हणून आम्ही साध्या मजकूर-संपादकात लिहीत होतो आणि प्रत्येक फाइलला १ ते ४१ असा क्रमांक देत होतो. सर्व फाइली एकाच संगणकात होत्या. दुसरी प्रत नव्हती. टंकून झालेले हस्तलिखित कागद आम्ही रद्दीच्या गठ्ठ्यात टाकत गेलो. आज हे वाक्य लिहितानाही आम्हाला लाज वाटते.

१७ क्रमांकाची फाइल आमच्यातील एकाच्या आजोबांची होती. पवनीजवळच्या एका खेड्यात ते राहत. १९५६ साली ते आमच्याच वयाचे होते. गावातून वीस-बावीस माणसे नागपूरला चालत निघाली, भाकरी फडक्यात बांधल्या होत्या. पांढरे वस्त्र हवे म्हणून त्यांच्या वडिलांनी असलेले एकुलते एक धोतर आदल्या रात्री वैनगंगेत धुतले आणि ते वाळेपर्यंत काठावर बसून राहिले. परतल्यावर त्याच वडिलांनी पिढ्यान्‌पिढ्यांची गावकीची कामे सोडली आणि त्या वर्षी घरात धान्य कसे कमी पडले, तेही आजोबांनी सांगितले होते. वहीची ती चार पाने होती. दिवाळीनंतर नातू शाळेत परतला आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आजोबा गेले. आता ती आठवण पुन्हा विचारायला कुणी उरले नव्हते.

या फाइली ज्या संगणकात होत्या त्यातच आम्ही उपद्व्याप केला.

त्या संगणकात दात्याने एक वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले होते. पडद्यावर दिसणारे प्रत्येक अक्षर आणि चित्र या कार्डातून जाते. कार्डाशी बोलण्यासाठी संगणकाला एक दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्ससोबत आलेला ड्रायव्हर स्वयंसेवकांनी लिहिलेला, मुक्त होता. तो चित्र नीट दाखवी, पण त्रिमितीय खेळ त्याच्याने चालत नसत. आमच्यातील दोघांनी मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ पाहिला होता आणि तो आमच्या संगणकावर चालावा असे आम्हा सर्वांनाच फार वाटत होते. कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा बंदिस्त ड्रायव्हर बसवला की खेळ चालतो, असे कुणीसे सांगितले. एका सायबर कॅफेतून तो संगणक शिक्षकांच्या पेनड्राइव्हवर उतरवून आणला. सरांना सांगितले, “सहा डिसेंबरला प्रोजेक्टर जोडायचा आहे, त्यासाठी लागतो.” प्रोजेक्टरसाठी त्याची काहीच गरज नव्हती.

२६ नोव्हेंबरला संविधान दिनाचा कार्यक्रम झाला. संध्याकाळी वसतिगृह मोकळे होते. आम्ही कक्ष उघडला आणि ड्रायव्हर बसवायला घेतला. पडद्यावर इंग्रजीत एकामागून एक सूचना येत गेल्या. त्यातील एक अशी होती की, या कार्डाचा ताबा सध्या दुसऱ्या ड्रायव्हरकडे आहे. आम्ही कोणतीही सूचना वाचली नाही. प्रत्येक वेळी ‘होय’ दाबले. शेवटी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. सुरुवातीची एक ओळ चमकली आणि पडदा काळा झाला, तो काळाच राहिला.

तीन-चार वेळा बंद-सुरू करून पाहिले. कुणी तार हलवली, कुणी मॉनिटरवर थापट मारली. मग खोलीत कुणी बोलेना. ज्याचे आजोबा गेले होते तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. रात्री झोपण्यापूर्वी नेहमीप्रमाणे पंचशील ग्रहण केले. चौथ्या शीलाशी आल्यावर आमचे आवाज किती खाली गेले होते, हे आम्ही एकमेकांना बऱ्याच वर्षांनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सरांना सांगितले, “सर, संगणक आपोआप बंद पडला.” हे दुसरे खोटे. सरांनी बिचाऱ्यांनी यंत्रातील हार्डडिस्क काढून घेतली आणि आमच्यातील दोघांना सोबत घेऊन ते सीताबर्डीला एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. दुरुस्तीवाला कामसू माणूस होता. त्याची चूक म्हणावी असे काही नव्हते. त्याने डिस्क आपल्या विंडोजच्या संगणकाला जोडली. पडद्यावर चौकट आली की, ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, फॉरमॅट करायची का? तो म्हणाला, “सर, ही तर कोरी आहे. काही नाही हिच्यात. दोन मिनिटांत फॉरमॅट करून नवे टाकून देतो.” माऊसचा बाण ‘होय’वर गेलाही होता.

ती डिस्क कोरी नव्हती. लिनक्स आपली माहिती एक्स्ट-४ नावाच्या रचनेत मांडते आणि विंडोजला ती रचना वाचता येत नाही. जे वाचता येत नाही ते आपल्याला वाचता येत नाही, असे ते यंत्र म्हणत नाही. ते फॉरमॅट झालेलेच नाही, असे म्हणते. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते, सरांनाही नव्हते. पण सोबत गेलेल्या दोघांपैकी एकाच्या तोंडून एवढेच निघाले, “सर, त्यात आजोबा आहेत.” सरांनी त्याच्याकडे पाहिले आणि दुरुस्तीवाल्याला म्हणाले, “राहू द्या. आज नको.” डिस्क रुमालात गुंडाळून ते परत आले. आमच्या साऱ्या शालेय जीवनात कुणी आमच्यासाठी घेतलेला तो सर्वांत महत्त्वाचा निर्णय असेल. तो घेताना सरांजवळ कसलेही तांत्रिक ज्ञान नव्हते. खात्री नसताना पुसून टाकायचे नाही, एवढीच त्यांची भूमिका होती.

त्या रात्री आम्ही नऊही जण वसतिगृहाच्या अधीक्षकांसमोर उभे राहिलो आणि खेळापासून सर्व सांगितले. त्यांनी शिक्षा केली नाही. बराच वेळ काही बोललेही नाहीत. मग म्हणाले, “जे झाले ते झाले त्याच क्रमाने एका कागदावर लिहा. काय बसवले, पडद्यावर काय आले, तुम्ही काय दाबले. खोटे एक अक्षर नको. उद्या दादाला फोन लावू, त्याला हेच लागेल.” पुढे आमच्यापैकी जे या व्यवसायात गेले त्यांना कळले की, बिघाड दुरुस्त करण्याची पहिली पायरी हीच असते. खोट्या माहितीवर कोणतेही यंत्र दुरुस्त होत नाही. ‘आपोआप बंद पडला’ या वाक्याने सरांना सीताबर्डीला पाठवले होते आणि डिस्क पुसली जाण्याच्या बेतात आली होती.

रविवारी सकाळी कार्यालयातील फोनवरून दादांशी बोलणे झाले. फोनची तार लांब करून संगणक कार्यालयाच्या दाराशी आणला होता, डिस्क परत बसवली होती.

“जयभीम दादा.”

“जयभीम. घाबरू नका रे पोट्टेहो. आधी सांगा, कॅप्स लॉक दाबला की कळफलकावरचा दिवा लागतो का?”

दिवा लागला. पुन्हा दाबला, विझला.

“मंग यंत्र मेलं नाही. ते ऐकून राहिलं, आपल्याला दिसून नाही राहिलं. एवढंच झालं.”

आमच्या मनावरचा भार त्या एका वाक्याने अर्धा झाला. मग दादांनी, कागदावरचा सगळा क्रम ऐकून घेतल्यावर, काय घडले असावे ते सांगितले. ते आम्ही येथे थोडे विस्ताराने देतो, कारण आज आम्हाला ते तेव्हापेक्षा बरे समजते.

संगणकाचा पडदा दोन प्रकारे वापरला जातो. एक साधा, अक्षरांचा. त्याला कन्सोल म्हणतात. ८० रकाने आणि २५ ओळी ही त्याची जुनी चौकट. दुसरा चित्रांचा, खिडक्यांचा, माऊसचा. पूर्वी लिनक्समध्ये या दोन्हींचे कारभारी वेगळे असत. कन्सोल हा गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या ताब्यात. चित्रांचा पडदा एक्स सर्व्हर नावाच्या बाहेरच्या कार्यक्रमाच्या ताब्यात. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-१ दाबून एकाकडून दुसऱ्याकडे गेले की पडदा लुकलुके आणि कधी अडकूनही बसे. हे टाळण्यासाठी पडद्याची मांडणी ठरवण्याचे काम कर्नेलनेच करावे, अशी नवी पद्धत आली. इंटेलच्या कार्डांसाठी ती मार्च २००९ मधील २.६.२९ या कर्नेलमध्ये आली, रेडिऑन कार्डांसाठी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये २.६.३१ मध्ये, आणि स्वयंसेवकांचा नूवो हा ड्रायव्हर फेब्रुवारी २०१० मध्ये २.६.३३ मध्ये दाखल झाला. यामुळे मुक्त ड्रायव्हर संगणक सुरू होताच, अगदी पहिल्या क्षणांत, कार्डाचा ताबा घेऊ लागले. कन्सोल आणि चित्रे दोन्ही एकाच हाती आली आणि पडदा स्थिर झाला.

पण बंदिस्त ड्रायव्हरांचा कारभार तेव्हा या पद्धतीबाहेरचा होता. त्यांना वाटे कार्ड आपलेच. मुक्त ड्रायव्हरने आधीच ताबा घेतलेल्या कार्डावर बंदिस्त ड्रायव्हर हात टाकी, तेव्हा कधी चित्र येई पण कन्सोल काळा पडे, कधी दोन्ही काळे पडत. दादा म्हणाले, “आपल्या भोजनगृहात एका तव्यावर दोन आचारी उभे केले तर काय होईल? एक पोळी टाकील, दुसरा धिरडे ओतील. चूल पेटलेली आहे, पीठही आहे, पण ताटात काही येणार नाही.” आमच्या कार्डाचे नेमके हेच झाले होते. कोणताही ड्रायव्हर बिघडलेला नव्हता. दोघांना एकाच वेळी कामाला लावणारे आम्ही होतो आणि तसा इशारा देणारी सूचना न वाचताच आम्ही पुढे गेलो होतो.

“आता दोघांनाही बाजूला सारू,” दादा म्हणाले. “संगणक सुरू करा आणि शिफ्टची कळ दाबून धरा.”

पडद्यावर एक यादी आली. कर्नेल सुरू होण्याआधीची ही पायरी. येथे कोणत्याही ड्रायव्हरचे काम नसते, म्हणून ती दिसली. दादांच्या सांगण्यावरून ‘ई’ दाबले. लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जाऊन तेथील दोन शब्द खोडले आणि नवे दोन लिहिले: ‘नोमोडसेट’ आणि ‘टेक्स्ट’. पहिल्याचा अर्थ, कर्नेलने पडद्याची मांडणी स्वतः ठरवू नये. दुसऱ्याचा अर्थ, चित्रांचा पडदा सुरूच करू नये. दादा फोनवर एकेक इंग्रजी अक्षर उच्चारत होते, एक जण ते मोठ्याने पुन्हा म्हणत होता आणि दुसरा टंकत होता. मग कंट्रोल आणि एक्स.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे सरसर उतरू लागली. खालच्या कोपऱ्यात येऊन थांबली आणि नाव विचारू लागली. आम्ही नाव आणि परवलीचा शब्द दिला. दादांनी सांगितलेली आज्ञा लिहिली आणि १ ते ४१ असे सर्व क्रमांक पडद्यावर आले. ज्याचे आजोबा होते तो म्हणाला, “सतरा उघड.”

उघडली, आणि पडदा चौकोनांनी भरून गेला. ओळीमागून ओळी, नुसते लहान लहान चौकोन. एक अक्षर वाचता येत नव्हते. आम्ही आणखी दोन फाइली उघडल्या. त्याही तशाच. तो मुलगा मटकन खाली बसला आणि रडू लागला. फोन धरणाऱ्याला बोलता येईना. दादाच विचारू लागले, “काय झालं? सांगा तरी.”

सांगितले. दादा क्षणभर थांबले आणि म्हणाले, “अरे, ते शब्द खराब नाही झाले. त्या कन्सोलला देवनागरी येतच नाही.”

हेही खरेच होते आणि आजही बव्हंशी खरे आहे. लिनक्सच्या त्या मूळ कन्सोलची अक्षरपेटी १९८७ साली आयबीएमने आणलेल्या व्हीजीए पद्धतीच्या मापाची. तिच्यात एका वेळी २५६, फार तर ५१२ आकृत्या मावतात आणि प्रत्येक आकृती आपल्या ठरलेल्या चौकटीत एकटी उभी राहते. रोमन लिपीला तेवढे पुरते. देवनागरीत मात्र ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर लिहिली जाते आणि त्याच्या आधी दिसते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, जोडाक्षरांत अक्षरे एकमेकांत मिसळतात. एवढी कला त्या कन्सोलजवळ नाही. चित्रांच्या पडद्यावर हे काम करणारे वेगळे कार्यक्रम असतात आणि रेड हॅटने २००४ साली मुक्त केलेल्या लोहितसारखे टंक असतात. आम्ही ते सारे बंद करून केवळ कन्सोल मागितला होता. त्यामुळे त्याला जे दाखवता आले नाही तेथे त्याने चौकोन ठेवले.

आमचा विश्वास बसेना. तेव्हा दादा म्हणाले, “माझ्यावर विश्वास ठेवू नका. मोजून पाहा. सतरा नंबरची फाइल किती बाइटची आहे?”

“आठ हजार चारशे बारा.”

“देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात, मोकळ्या जागेला एक. म्हणजे झाली सुमारे तीन हजार चिन्हे. वहीची पाने किती होती?”

“चार.”

“एका पानाला साडेसातशे चिन्हे. जुळते का?”

मुलाने डोळे पुसले, मनातल्या मनात आपल्या वहीच्या ओळी मोजल्या आणि म्हणाला, “जुळते.”

ऐकीव गोष्टीवर, गुरूच्या अधिकारावरसुद्धा विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आम्ही शाळेत अनेकदा ऐकला होता. तो एखाद्याचे अश्रू थांबवू शकतो, हे त्या सकाळी पाहिले.

मग ज्या पेनड्राइव्हवर तो ड्रायव्हर आणला होता त्याच पेनड्राइव्हवर सर्व ४१ फाइली उतरवल्या. तो दुसऱ्या संगणकाला लावला आणि १७ क्रमांक उघडला. वैनगंगा, धोतर, भाकरी, सर्व जागच्या जागी. नातवाने पहिली ओळ मोठ्याने वाचली. अधीक्षक दाराशी उभे होते. ते चष्मा काढून बाहेर गेले. दुपारी दादांनी सांगितलेल्या पायऱ्यांनी तो बंदिस्त ड्रायव्हर काढून टाकला, कर्नेलसोबत सुरुवातीला उघडणारे गाठोडे नव्याने बांधले आणि संगणक पूर्ववत झाला. मोटारींचा खेळ त्यावर कधीच चालला नाही. पुन्हा कुणी त्याचे नावही काढले नाही.

६ डिसेंबरला सोमवार होता. सकाळच्या अभिवादनानंतर पालक भिंतीपाशी आले. ज्या आजींनी आयुष्यात कधी शाळेचे तोंड पाहिले नव्हते त्या आपल्या नावाखालचा कागद नातवंडांकडून वाचून घेत होत्या आणि मध्येच थांबवून, “असं नाही, त्या दिवशी गाडीत फार गर्दी होती, ते राहिलं,” असे सांगत होत्या. आम्ही पेन्सिलीने समासात ते लिहून घेतले. १७ क्रमांकापुढे पवनीकडून आलेली एक म्हातारी बाई बराच वेळ उभी होती. ती आजोबांची पत्नी होती. तिला वाचता येत नव्हते. नातवाने सर्व वाचून दाखवले. ती एवढेच म्हणाली की, धोतर वाळायला रात्र लागली हे त्यांनी तिला कधी सांगितले नव्हते.

आता आम्ही नऊ जण वेगवेगळ्या ठिकाणी आहोत. दोघे पुण्याला संगणकाच्याच व्यवसायात, एक गडचिरोली जिल्ह्यात शिक्षक, एक परिचारिका, कुणी बँकेत, कुणी शेतीवर. त्या वेळच्या त्या भांडणाचे स्वरूपही बदलले. २०२१ सालच्या ५.१४ या कर्नेलपासून सुरुवातीचा साधा पडदा सांभाळणारा एक छोटा ड्रायव्हर आला. तो खरा ड्रायव्हर येईपर्यंत तवा धरून ठेवतो आणि मग निमूट त्याच्या हाती देतो. मे २०२२ मध्ये एनव्हिडियासारख्या मोठ्या कंपनीनेही आपल्या लिनक्स ड्रायव्हरचा कर्नेलमधील भाग खुला केला. तरीही पडदा काळा होण्याच्या तक्रारी संपलेल्या नाहीत आणि ‘नोमोडसेट’ हा शब्द आजही अनेकांच्या उपयोगी पडतो.

पण आम्हाला त्या तीन दिवसांतून शिकायला मिळाले ते याहून वेगळे. काळा पडदा पाहून आम्ही म्हटले, यंत्र मेले. डिस्क वाचता आली नाही म्हणून दुरुस्तीवाला म्हणाला, कोरी आहे. चौकोन पाहून आम्ही म्हटले, शब्द गेले. तिन्ही वेळा उणीव पाहणाऱ्याच्या नजरेत होती आणि ठपका मात्र समोरच्या वस्तूवर आला. आपल्या समाजाविषयी शतकानुशतके हेच म्हटले गेले. यांना इतिहास नाही, यांच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, असे म्हणणाऱ्यांना आपली लिपीच वाचता येत नव्हती. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले, त्या नावातले मूक लोक मुके नव्हते. त्यांचे ऐकणारे कान नव्हते. आमच्या आज्या निरक्षर होत्या, म्हणून त्या कोऱ्या नव्हत्या. आम्हीच सोळा वर्षांचे होईपर्यंत त्यांना काही विचारले नव्हते.

म्हणून या लेखाच्या शेवटी आमची माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती आहे. १९५६ च्या त्या दिवशी मैदानावर असलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. आपल्या घरात, वस्तीत कुणी असतील तर त्यांच्याजवळ बसा. ते सांगतील तसे, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या किंवा ध्वनिमुद्रित करा. जे जमेल त्याच्या तीन प्रती करा: एक घरी, एक कागदावर, एक शाळेच्या ग्रंथालयात. हस्तलिखित कागद रद्दीत टाकू नका. ग्रंथालयात यासाठी एक कपाट मिळावे, अशी विनंती आम्ही शाळेला केली आहे आणि त्याचा खर्च आम्ही नऊ जण उचलणार आहोत. ती ४१ आठवणींची फाइल, समासातील पेन्सिलीच्या दुरुस्त्यांसह, त्या कपाटातील पहिली ठेव असेल.

आणि सरांना, अधीक्षकांना आम्ही आज लेखी सांगतो: तो ड्रायव्हर प्रोजेक्टरसाठी नव्हता. तोंडी कबुली तेव्हाच दिली होती, पण शाळेच्या दप्तरात ती कुठेच नोंदलेली नाही. ती येथे नोंदली जावी.

जयभीम. नमो बुद्धाय.